तुळजाबाईंचं गाव कोणतं?

"मुरूडला एक दिवस, श्रीवर्धनला एक, दिवेआगरला एक आणि येताना हरिहरेश्वर," उत्कर्षाने नकाशावर पेन्सिलीने टिंबं दिली. "झाली चार गावं."

"जेवायला कुठे थांबायचं ते लिही आधी," पियूष म्हणाला. "तुझ्या यादीत माणसं नुसता सूर्यास्त बघतायत. त्याने पोट भरतं का?"

"आन मला पान्यात कुटवर जाऊ देनार ते बी लिव," साहिल म्हणाला. "नंतर कटकट नको."

साहिलने समुद्र पाहिलाच नव्हता. भरे गावातून निघून ताम्हिणी घाट उतरला की तीन-चार तासांत समुद्र; पण घरात म्हशी होत्या तोवर कुणाला सवड नव्हती, आणि म्हशी विकल्यावर कुणाला सुचलं नाही. आता अण्णासाहेबांच्या जुन्या खळ्यावर तीन इमारती उभ्या होत्या आणि त्यांत सगळे भाडेकरू. उत्कर्षाचे आईबाबा लातूरचे, पियूषचे जळगावचे; दोघांच्याही घरचे हिंजवडीला नोकरीला. उत्कर्षा इथे येऊन अजून वर्षही झालं नव्हतं. साहिल अण्णासाहेबांचा पुतण्या, म्हणजे गावचा अस्सल मालक, असं तो स्वतःच सांगायचा.

मोठ्यांनी शनिवारची गाडी ठरवली होती आणि बाकी सगळं पोरांवर सोपवलं होतं. "कुठे जायचं ते तुम्हीच शोधा," असं उत्कर्षाचे बाबा लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाले होते. त्यामुळे गच्चीवर दोन दिवस नुसती खलबतं चालली होती.

तेवढ्यात सारजाबाई वर आल्या. या अण्णासाहेबांच्या पत्नी, साहिलची मोठी आई. हातात तोंड शिवलेली छोटी गोणी.

"तुमी खाली चाललाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग एवढं तुळजाबाईला द्या. दोन पायल्या हायेत, आंबेमोहर. शेवटच्या पिकाचा हाय. आता शेतच न्हाई, तर पुन्यांदा कुटला यायचा."

तुळजाबाई कोण, हे साहिलने सांगितलं. कोकणातली सुक्या मासळीवाली. दरसाल अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे टोपली घेऊन घाट चढून यायची. पावसाळ्याची बेगमी म्हणून सारजाबाई तिच्याकडून सोडे, जवळा, बोंबील घ्यायच्या आणि बदल्यात आंबेमोहर द्यायच्या. पैशांचं नाव नाही. तुळजाबाई दोन दिवस ओसरीवर राहायची, दोघी गप्पा मारत बसायच्या. तीस वर्षं असं चाललं होतं. यंदा मात्र अक्षय्य तृतीया होऊन पंधरा दिवस झाले तरी तिचा पत्ता नव्हता.

"कोणत्या गावच्या त्या?" उत्कर्षाने पेन्सिल सरसावली.

"खालची."

"म्हणजे कोणतं गाव?"

"अगं खालची म्हंजे खालची. घाटाखालची." सारजाबाई बोलता बोलता थांबल्या. "गाव... गाव मी कदी इचारलंच न्हाई."

पियूषला हसू आलं, पण सारजाबाईंचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. खरं म्हणजे यात त्यांचं एकटीचं काय चुकलं? मावळातल्या माणसाला घाटाखालचं सगळं एकच, 'खाली'. खालचा मीठवाला, खालचा नारळवाला, खालची मासळीवाली. त्यांनी वर यायचं, आपण घ्यायचं. खाली गाव असतं, गावाला नाव असतं, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

"फोन नंबर?" पियूषने विचारलं.

"तिच्याकडं कुटला फोन? माजं तरी बगा. माझं माहेर, सासर, सासूचा छळ, समदं तिला तोंडपाठ. आन मला तिचं गाव ठाव न्हाई." सारजाबाईंनी पदराने डोळे पुसले. "आजारी तर नसंल ना रं पडली? काय बी करा, पन हे तिच्या हातात पोचवा. एवढंच मागनं हाय."

त्या खाली गेल्यावर उत्कर्षाने सूर्यास्तांची यादी उलटी करून ठेवली. "आधी तुळजाबाईंचं गाव. मग आपली गावं."

"किनाऱ्यावर शेकडो गावं आहेत," पियूष म्हणाला.

"मग शेकड्यातून एक काढायचं. साहिल, ती उतरायची कुठे?"

"घोटावडे फाट्याव. भिकूदादाच्या चहाच्या टपरीपाशी."

तिघं सायकली काढून फाट्यावर पोचले. भिकूदादा चहा गाळत होता. तुळजाबाईंचं नाव काढताच त्याचा हात थांबला.

"आली की यंदा! दोनदा आली. दोन्ही खेपेला भरली टोपली घिऊन परत गेली. म्या इचारलं, काय झालं मावशे? तर म्हनली, सारजा मोठी मानसं झाली आता. अन् बसली एश्टीत."

साहिल चक्रावला. "आमच्या घरी तर आलीच न्हाई."

"ते मला काय ठाव? तुमच्याकडंच निगाली व्हती."

"दादा, त्या गावाचं काही बोलायच्या का? कुठल्या गाडीने जायच्या?" उत्कर्षाने विचारलं.

"माणगावच्या गाडीनं. मंग तितनं दिघी. एश्टीला उशीर झाला की लई तगमग व्हायची तिची. म्हनायची, माजी लाँच चुकंल, मग रात दिघीच्या धक्क्याव काढावी लागंल."

पियूषने तिथेच टपरीच्या बाकावर नकाशा पसरला. तोवर साहिलने घरी फोन लावला. तुळजाबाई घराबद्दल कधी काय बोलली होती, एवढंच त्याने विचारलं. सारजाबाईंना एकच गोष्ट आठवली: तिच्या दारातून पाण्यातला किल्ला दिसतो, असं ती सांगायची.

"पाण्यातला किल्ला अलिबागलाही आहे," पियूष म्हणाला.

"पण अलिबागला जायला दिघीहून लाँच कशाला?" उत्कर्षाचं बोट दिघीवर होतं. ते खाडी ओलांडून पलीकडे सरकलं. "लाँच इथून सुटते आणि इथे लागते. आणि किल्ला हा, मध्ये. जंजिरा. साहिल, वाच पलीकडच्या गावाचं नाव."

"राजपुरी."

राजपुरी! मुरूडला लागूनच की. उत्कर्षाच्या यादीत हे नाव होतं, पण गाव म्हणून नव्हतं. 'किल्ल्याच्या होड्या येथून सुटतात', एवढंच तिने इंटरनेटवरून उतरवून घेतलं होतं.

अर्धं कोडं सुटलं. उरलेलं अर्धं घराच्या फाटकावरच होतं. फेब्रुवारीत भाडेकरूंच्या आग्रहावरून अण्णासाहेबांनी फाटक बसवलं होतं आणि शंभू नावाचा पहारेकरी ठेवला होता. शंभू बिहारचा, मराठी समजायचं, वाचता मात्र येत नव्हतं.

"टोपलीवाली? हां, आयी थी," शंभू म्हणाला. "दो बार. बोली, सारजाबाईको बुलाव. मैंने मालिकको फोन किया. मालिक बोले, मीटिंगमे हूँ, बेचनेवाला कोई भी हो, अंदर नहीं. मैंने बोर्ड दिखाया. उसको पढना नहीं आता, मेरेको भी नहीं आता. तो उसने एक लडकीको पूछा. लडकीने पढके सुनाया. फिर वो उधर पेडके नीचे बैठी रही. शामतक."

"कोण मुलगी?" साहिलने विचारलं.

"सायकलवाली कोई. मैं तब नया था, पैचानता नहीं था."

उत्कर्षाला सगळं लख्ख आठवलं. परीक्षा संपल्याचा दिवस. फाटकाशी एक म्हातारी, डोक्यावर टोपली. "काय लिवलंय गो बाय?" आणि उत्कर्षा सायकलवरून न उतरता, वक्तृत्व स्पर्धेत बोलतात तसं खणखणीत वाचत गेली होती: 'फेरीवाले व विक्रेते यांना आत प्रवेश नाही.' वर पुन्हा, "मीच लिहिलाय हा बोर्ड," असंही म्हणाली होती. कारण तो तिनेच रंगवला होता. दारावर मासळीवाले आले की वास येतो अशी आईची तक्रार, अक्षर तिचं चांगलं, म्हणून काम तिच्याकडे आलं. म्हातारी म्हणाली होती, "बेस हाय अक्षर." आणि त्या कौतुकावर ही बया संध्याकाळभर खूश होती.

"काय गं, गप्प का झालीस?" पियूष म्हणाला.

"काही नाही," उत्कर्षा म्हणाली. सांगायला हवं होतं. तिने नाही सांगितलं.

घरी गेल्यावर साहिलने अण्णासाहेबांना सगळ्यांसमोर विचारलं, "अण्णा, शंभूचा फोन आला तवा कोन आलंय ते इचारलं व्हतं का?" अण्णासाहेब आधी तापले, मग आठवायला लागले, मग खाली बघत राहिले. त्या दिवशी जमिनीच्या दलालाबरोबर बसले होते, फोन ठेवला आणि विसरून गेले. सारजाबाईंनी आरडाओरडा केला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्याच दारात ती दिवसभर झाडाखाली बसली, आन मी आत पापड लाटत हुते."

मग त्यांनी शनिवारी काय नेसायचं ते काढून ठेवलं. "तीस वर्सं ती चढून आली. मला एकदा उतरायला काय धाड भरली व्हती?"

शनिवारी सारजाबाई आणि अण्णासाहेबांसकट सगळ्यांना घेऊन गाडी ताम्हिणी उतरली. दिघीला गाडीसकट फेरीबोटीत चढताना साहिलने समुद्र पाहिला आणि उतरेपर्यंत बोटीच्या कठड्यापासून हलला नाही. दुपारी ते राजपुरीत पोचले. उतरत्या कौलांची घरं एकाला एक चिकटलेली, दारोदार वाळत घातलेली मासळी, गल्लीच्या टोकाला निळं पाणी आणि पाण्यात काळाभोर किल्ला. उत्कर्षाने पाहिलेल्या सगळ्या फोटोंपेक्षा ते गाव सुंदर होतं. तिला मात्र ते धड बघवत नव्हतं.

धक्क्यावर नाव काढताच एका पोराने थेट घर दाखवलं. तुळजाबाई दारातच जाळं सारखं करत होती. सारजाबाईंना बघून ती उठली, दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग तुळजाबाईने लगबगीने शेजारच्या घरून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या.

"मला कशाला गं खुर्ची? मी हितं तुज्यापाशी बसते," सारजाबाई म्हणाल्या.

"नको नको, लुगडं खराब होईल. बसा वर," तुळजाबाई म्हणाली. सारजाबाई अवघडून खुर्चीवर बसल्या.

तांदळाची गोणी तुळजाबाईने उघडली, मूठभर दाणे नाकाशी नेले आणि डोळे मिटले. अण्णासाहेबांनी चूक कबूल केली, हात जोडले. "बोर्ड उद्याच्या उद्या काढतो," म्हणाले. पोरांनी गाव कसं शोधलं ते पियूषने रंगवून सांगितलं. उत्कर्षाच्या बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "आमच्या पोरीचं डोकं बघा. शाब्बास!"

आता मात्र तिच्याने राहवेना.

"मीच वाचला होता तो बोर्ड," ती म्हणाली. "लिहिलाही मीच. आजी, तुम्ही मला विचारलं होतंत."

बाबांचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला. साहिल तिच्याकडे बघतच राहिला.

"ठाव हाय मना," तुळजाबाई शांतपणे म्हणाली. "गाडीतून उतरलीस तवाच वलकलं."

"मग बोलला का नाहीत?"

"पावनी होऊन आलीस गो माझ्या दारात. पावन्याला कोन बोलतं?"

"पुढल्या साली येशील ना?" सारजाबाईंनी घाईघाईने विचारलं. "आता कुनी अडवनार न्हाई तुला."

"नाय गो. टोपली भाचीला देऊन टाकली. ती मुरूडच्या बाजारात बसते. गुडघं कुरकुरतच होतं, पन तुझ्यासाठी चढत होते मी तो घाट. त्या दिशी परतताना वाटलं, आता पुरं."

सारजाबाई खुर्चीवरून उठल्या आणि सरळ उंबऱ्यावर जाऊन तिच्या शेजारी बसल्या. मग दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिल्या. पोरं धक्क्यावर गेली, पण होडीत बसायचं कुणी नाव काढलं नाही.

निघताना तुळजाबाईने सवयीने आत जाऊन सोड्यांचं पुडकं बांधून आणलं. गाडीच्या बंद काचा बघितल्या आणि हात मागे घेतला. "नको. येसी लावलाय. गाडीत वास कोंडंल, तुमच्या मानसांना तरास."

"हो, तसं बरं पडेल," उत्कर्षाची आई साधना पटकन म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं.

बाकीची गावं पुढल्या खेपेला ठेवून गाडी परतीला लागली. अण्णासाहेब म्हणाले, "पोरांनी नाव काढलं हां. आमाला तीस वर्सांत जमलं न्हाई ते दोन दिसांत केलं." सगळ्यांनी माना हलवल्या. उत्कर्षाला तिथे बसवेना.

"बाबा, गाडी थांबवा."

ती धावत मागे गेली. तुळजाबाई अजून दारात उभी होती, पुडकं हातातच.

"ते मला द्या," उत्कर्षा धापा टाकत म्हणाली. "मी मांडीवर घेऊन बसते. मला हवंय."

तुळजाबाईने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि पुडकं तिच्या हातात ठेवलं. "वांग्यात घाल म्हनावं आईला. कांदा जास्ती."

"आणि तुम्ही खरंच येणार नाही?"

"नाय गो बाय," ती म्हणाली, आणि तिचा गाल कुरवाळून आत गेली.

उत्कर्षा पुडकं मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. ड्रायव्हरने मान वळवून पाहिलं. साधनाने पुढे हात करून एसी बंद केला आणि स्वतःच्या बाजूची काच खाली केली. घाट चढून वर येईपर्यंत कुणीही वासाचा शब्द काढला नाही.