फक्त इथे येणाऱ्यांसाठी

रस्त्याच्या तोंडाशी साखळी होती, आणि गंजलेल्या कुलपात तेल सोडत तो तिथेच वाकून उभा होता.

"पुढे रस्ता नाही," मान वर न करता तो म्हणाला.

"आहे की." ती स्कूटरवरून उतरली. "कालव्याच्या कडेने जाऊन हमरस्त्याला मिळतो. आमच्या नकाशात आहे."

"म्हणजे त्या तुम्हीच!" आता त्याने पाहिलं. "अख्ख्या शहराच्या गाड्या माझ्या दारावरून हाकणाऱ्या."

"हाकणारी मी नाही. चुका निस्तरणारी."

नकाशाच्या कंपनीत तिचं कामच ते. त्याची तक्रार तिच्याकडेच आली होती. रस्ता खाजगी, पण ॲपला तो जवळचा वाटे. साखळी लावली की लोक कुलूप तोडत. मग धूळ उडे, आणि आत खाटेवर त्याच्या आईला धाप लागे. उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर कायमचाच.

"बंद करून टाका," तो म्हणाला. क्षणभर थांबून, हळूच, "...जमेल?"

तिने त्याच संध्याकाळी नकाशात रस्त्यावर 'बंद' अशी खूण केली. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, 'आई आज दुपारभर शांत झोपली.' तेवढाच. तिने तो गरजेपेक्षा जास्त वेळा वाचला.

आठवड्याभरात फोन आला. आवाज त्याचा, पण ओळखू न येणारा. "सिलिंडरची गाडी कालव्यापलीकडे उभी आहे. ड्रायव्हर म्हणतो, घर आलं. आणि इथला... संपत आलाय."

तिला लगेच कळलं. बंद रस्ता ॲपच्या लेखी नसतोच. सरळ रेषेत घराच्या सगळ्यात जवळ पडणारा काठ ॲपने गाडीला दाखवला होता. तिथे पूल नव्हता. तिने त्याच्याकडून नंबर घेऊन ड्रायव्हरला फोन लावला आणि वळणावळणाला वाट सांगत राहिली – पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे, मग सरळ – साखळी खळखळल्याचा आवाज कानी येईपर्यंत. मग तिने फोन खाली ठेवला.

सकाळी ती त्याच्या दारात उभी राहिली. "चूक माझी. बंद वेगळं, खाजगी वेगळं. तिसरीही एक खूण असते. पलीकडे जाणाऱ्यांसाठी नाही, फक्त इथे येणाऱ्यांसाठी. तीच करायला हवी होती. आता केलीय."

"मागितलं मीच होतं."

"मागणाऱ्याला ठाऊक नसतं. मला होतं."

"अरे, भांडायचं तर आत येऊन भांडा!" आतून आई म्हणाली. "मला मेलीला अर्धंच ऐकू येतंय."

त्यानंतर ती मधूनमधून 'तपासायला' येऊ लागली. कधी टाकीकडून, कधी बाजाराकडून.

"किती तपासशील गं?" आईने एकदा विचारलंच. "रस्ता काय पळून जातोय?"

"दिशा बदलून बघावं लागतं."

"मग याच्या दिशेने बघ की जरा!"

तो चहाच्या कपात पाहत राहिला. तिचे कान तापले. आई हसली, हसता हसता खोकली, आणि दोघांचेही हात एकदमच पाण्याच्या पेल्याकडे गेले...

थंडी सरता सरता आई झोपेतच गेली.

नंतर ती काही दिवस गेली नाही. कोणत्या निमित्ताने जायचं? मग एका सकाळी कामाच्या पडद्यावर तक्रार दिसली. त्याने फोन केला नव्हता. परक्या माणसासारखं कंपनीला लिहिलं होतं: 'रस्ता बंद करावा. आता इथे येणारं कुणी नाही.'

एक बटण दाबायचं होतं. ती उठली आणि स्कूटरची किल्ली शोधू लागली.

साखळीपलीकडे तो दगडावर बसला होता. दाढी वाढलेली. तिला पाहून उठला.

"तक्रार मिळाली," ती म्हणाली.

"मग?"

"नामंजूर."

"कारण?"

"कारण..." तिने श्वास घेतला. "प्रत्यक्ष पाहणीत एक येणारी आढळली."

वाऱ्याने साखळी तेवढी हलत होती.

"पाहणी पुढेही चालू राहणार आहे... की आजच्यापुरतीच?"

"तू साखळी काढलीस तर चालू राहील."

'तू' तोंडून निघून गेलं होतं. तिने ते परत घेतलं नाही.

त्याने खिशातून किल्ली काढली. तेल मुरलेलं कुलूप आवाज न करता उघडलं.

"ये," तो म्हणाला.