हजेरीतले सात सेकंद

माझ्या मावशीला हाक मारली तर ती लगेच ओ देत नाही.

आधी थांबते. मी घड्याळ लावून पाहिलंय, वीसेक वेळा तरी. सात सेकंद... कधी जरा कमी, कधी जरा जास्त. तेवढ्या वेळात दुसरं कुणी ओ देतं का, ते ती ऐकत असते.

कानात दोष नाही. तपासून झालंय.

यामागचं कारण तिने मला एकदाच सांगितलं. ते खरं आहे. मावशी भरती-ओहोटी मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, आणि जे मोजलेलं नाही ते ती बोलत नाही.

किनाऱ्यापासून बोटीने पाऊण तासावर, भर समुद्रात, एक गोल दगडी किल्ला आहे. सैन्याने कधीच सोडून दिलेला. तोफांच्या खिडक्या, पावसाच्या पाण्याची एक टाकी आणि खाली लाटांपर्यंत जाणारी लोखंडी शिडी. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, तिथे आपला स्वतंत्र देश जाहीर केला होता. झेंडा होता, शिक्के होते, हाताने लिहिलेली राज्यघटना होती. जगात कुणी मान्यता दिली नव्हती. बंदरावर लोक त्यांना ‘सरकार’ म्हणून चिडवत. काका चिडत नसत. त्यांना तो हुद्दाच वाटे.

मावशी तिथे पाण्याची पातळी मोजायचं यंत्र बसवायला गेली होती. चार दिवसांसाठी. सहा महिन्यांनी लग्न करून, वर्षभराची बिनपगारी रजा टाकून ती तिथेच राहायला गेली.

त्या देशात रोज सूर्य मावळताना, झेंडा उतरवण्याआधी, हजेरी व्हायची. दोन माणसांची हजेरी!

“नागरिक क्रमांक एक. हजर,” काका स्वतःच विचारून स्वतःच सांगत.

“नागरिक क्रमांक दोन.”

मग शांतता...

“नागरिक क्रमांक तीन.”

“हजर,” मावशी म्हणायची.

क्रमांक दोन म्हणजे काकांची पहिली बायको. झेंडा तिने शिवलेला. घटना तिच्या अक्षरात. एका संध्याकाळी, हजेरीच्या जरा आधी, ती बोटीचा दोर पाहायला शिडीने खाली उतरली.

दोर जागेवर होता. बोट जागेवर होती.

ती नव्हती.

मावशीला आधी या हजेरीचं हसू यायचं. मग सवयीने तिने ती शांतता मोजली. सात सेकंद. दुसऱ्या दिवशीही सात. त्या सात सेकंदांत काका शिडीकडे बघत, आणि त्यांचा चेहरा इतका मऊ व्हायचा की मावशीला तिकडे बघवत नसे. ‘तीन’ म्हणताना तो चेहरा संपलेला असायचा.

कुणाची सवत शेजारच्या गल्लीत असते. तिच्याशी भांडता तरी येतं.

“पाच वर्षं झाली,” ती एकदा म्हणाली. “आता तरी गाळ की तिला.”

“गाळता येत नाही. घटनेत आहे. गैरहजर राहून नागरिकत्व जात नाही. हजेरीत, स्वतःच्या तोंडाने सोडावं लागतं.”

“आणि माणूस मेलं असेल तर?”

“तसं काही लिहिलेलं नाही.”

“लिहिणारीने बरोबर वगळलं!”

काका उठून गेले.

दर गुरुवारी बोटवाला डिझेल आणि भाजी घेऊन यायचा. खालूनच ओरडायचा, “वहिनी, येताय का? का सरकारचा व्हिसा लागतो?”

“बघू,” मावशी वरून म्हणायची.

रजा संपत आली होती. प्रयोगशाळेचं पत्र आलं होतं. निघायचं, हे तिने मनात शंभरदा ठरवलं होतं. पण ओठावर आणलं नाही. कारण ती गेली की किल्ल्यावर ते दोघंच उरणार होते... काका आणि क्रमांक दोन.

ते तिला सोसणार नव्हतं.

अकराव्या महिन्यात एका संध्याकाळी शांतता सहा सेकंदांची झाली.

मावशीला वाटलं, आपलं मोजणं चुकलं. दुसऱ्या दिवशी पाच.

आठवड्याने दोन.

शेवटी एकच सेकंद. काका “क्रमांक दोन” म्हणाले... जरा मान हलवली... आणि पुढे “क्रमांक तीन”. मावशीने ‘हजर’ म्हटल्यावर ते थांबायचे तेवढंच, उत्तर मिळाल्यासारखं.

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मग टाकी. लाकडी पट्टी बुडवून ती रोजचं पाणी मोजायची. दोघांना मिळून तीस लिटर लागायचं. ते पंचेचाळीस झालं. गळती असेल म्हणून तिने दुपारभर सगळे नळ बंद ठेवले. पातळी केसभरही हलली नाही.

तिसऱ्या माणसाचं पाणी... बरोबर पंधरा लिटर.

मग वाऱ्याने झेंड्याची कड फाटली. सकाळी पाहिलं तर कड शिवलेली होती. मावशीचे टाके उजवीकडे झुकतात. हे डावीकडे झुकलेले होते. झेंड्यावरच्या जुन्या टाक्यांसारखे.

“हे तू शिवलंस?” तिने काकांना विचारलं.

“मी? मला सुईत दोरा ओवता येत नाही,” काका म्हणाले आणि झेंड्याकडे बघून हसले.

तसं हसताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. निदान तिच्यासाठी तरी नाही.

इथे माणूस घाबरून पळतं. मावशीच्या पोटात भलतंच पेटलं. त्या संध्याकाळी काकांनी “क्रमांक दोन” म्हणताच ती पुढे झाली आणि मोठ्याने म्हणाली,

“हजर!”

वारा पडला होता. काकांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. वहीत खूण केली.

“नागरिक क्रमांक तीन.”

मावशी तोंड उघडणार होती...

“हजर.”

आवाज शिडीकडून आला. शांत, रोजचा, जरा कंटाळलेला.

मावशीचाच आवाज.

“आज सगळे हजर,” काका म्हणाले. आणि झेंडा उतरवला.

मावशीने शिडीपाशी जाऊन पाहिलं. खाली नुसतं पाणी. वरच्या तीन पायऱ्या ओल्या होत्या. त्या वेळी ओहोटी होती. पाणी चार मीटर खाली होतं.

दुसऱ्या दिवसापासून हजेरी बदलली. काका “क्रमांक दोन” म्हणायचे आणि थांबायचे. मावशी “हजर” म्हणायची. तरी ते थांबूनच राहायचे. सात सेकंद. तोच मऊ चेहरा. ज्या सात सेकंदांसाठी ती वर्षभर जळली, ते आता तिचे होते...

फक्त काकांना ती तिथे दिसत नसावी.

कारण दिवसभर तसंच. “चहा घेतोस?” विचारलं, की काका कपाळाला आठी घालून ऐकत राहायचे. उत्तर द्यायचे, पण सात सेकंदांनी. लांबून आवाज आल्यासारखं. आणि आतल्या खोलीत एकटे असले, की त्यांच्या गप्पा मात्र भराभर चालायच्या. मधे क्षणाचाही खंड नाही.

टेबलावर दोन कप असायचे. दोन्ही ओले. मावशीचा कप कोरडा, कपाटात.

गुरुवार आला. समुद्र खवळलेला होता, म्हणून बोट संध्याकाळी पोचली.

“वहिनी, येताय का?”

मावशी तटावर उभी होती. हो म्हणायला तिने श्वास घेतला...

“बघू,” मागून उत्तर गेलं.

बोटवाल्याला काहीच वेगळं वाटलं नाही. आजही वाटत नाही. मी त्याला भेटून आले. दर गुरुवारी जातो म्हणाला. सामान दोघांचंच लागतं. वरून एक बाई दोर सोडते, मागच्या उजेडामुळे तोंड नीट दिसत नाही. सवयीने तो अजून विचारतो, येताय का वहिनी?

“बघू,” म्हणते.

मी मावशीला हे सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, कळत नाही. ती स्वयंपाकघरात भांडी लावत असते तेव्हा मी दारात उभी राहते, आणि मनात येतं, नक्की कोणती परत आली?

पण त्या गुरुवारचं सांगायचं राहिलं. बोट शिडीला लागलेली. सूर्य पाण्याला टेकलेला. मावशीच्या खांद्याला पिशवी होती, आणि पाय उचलत नव्हते. हजेरीत बोलल्याशिवाय इथून कुणी सुटत नाही, हे तिला आता पुरतं पटलं होतं. तीन म्हणून बोलायची जागा गेली होती. उरला होता एकच क्रमांक.

काकांनी वही उघडली.

“नागरिक क्रमांक दोन.”

आणि थांबले. चेहरा मऊ झाला. शिडीकडे बघत राहिले.

मावशीने मनात मोजलं. एक... दोन... तीन... एवढं प्रेमाने तिच्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं. चार... पाच... अजून थांबली असती तर उद्याही बघितलं असतं. सहा...

“हजर,” ती म्हणाली. “आणि मी या देशाचं नागरिकत्व सोडते आहे. स्वतःच्या तोंडाने.”