मान वळते तिथपर्यंत

माझी डोकेदुखी मानेतून सुरू होते. कवटी मानेवर टेकते तिथे, उजव्या बाजूला, आधी ताठरपणा येतो. मग कळ कानामागून चढते आणि डोळ्याच्या मागे जाऊन बसते. मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत मी दिवसभर मायक्रोस्कोपवर वाकून नमुने तपासते, त्यामुळे कारण शोधावं लागलं नाही. या उन्हाळ्यात दुखणं इतकं वाढलं की एक दूषित नमुना माझ्या नजरेतून सुटला. पुन्हा असं झालं तर नोकरी राहणार नाही, हे वरिष्ठांनी आवाज न चढवता सांगितलं. घरात मी आणि आई. पगार माझ्या एकटीचा.

सक्करदऱ्याला तलावाजवळ डॉक्टर भैरवींचं अ‍ॅक्युपंक्चरचं क्लिनिक आहे. खिडकीत कूलर, छताला पंखा, त्याच्या एका पात्यावर गंजाचा डाग. खाली हिरव्या रेक्झिनचं टेबल, चेहऱ्याच्या जागी गोल भोक. त्यात तोंड घालून पालथं पडायचं. मग फक्त फरशीचे काळे ठिपके दिसतात. सुई टोचल्याचं कळत नाही; थोड्या वेळाने आत जडपणा पसरतो.

"सुया आहेत तोवर मान हलवू नका," एवढीच त्यांची सूचना. आणि शेवटी एकच प्रश्न, "दुखते का आता?"

सवयीप्रमाणे मी मोजमाप सुरू केलं. घरी खुर्चीच्या पायांभोवती खडूने आखलं. सुया लावून आल्यावर दर वेळी सरळ बसून मान उजवीकडे वळवायची, आणि नाकासमोर येईल तिथे आईने भिंतीवर पेन्सिलने खूण करायची.

"काहून वं सरिता, भिंत खराब करून राहिली?"

"फरक पडतोय का ते कळायला नको?"

"डोकं तुह्यं, अन् विचारतं भिंतीले!"

पहिली खूण कॅलेंडरपाशी पडली. मग स्विचबोर्डपाशी. मग खिडकीच्या चौकटीवर, म्हणजे बरोबर खांद्याच्या रेषेत. निरोगी मान तिथपर्यंतच वळते. कळ गेली होती, कामातल्या चुका थांबल्या होत्या.

पुढची खूण खिडकीच्या पलीकडे पडली. खांदे फिरले असणार, असं मी ठरवलं.

त्याच आठवड्यात वर्धा रोडवर स्कूटर चालवताना मी मागच्या ट्रकचा नंबर वाचला. सिग्नलला थांबल्यावर लक्षात आलं की आरसा कधीचाच निखळून पडला होता.

"मान जरा जास्तच वळते," मी डॉक्टरांना म्हणाले.

त्या हसल्या. "लोक वळत नाही म्हणून येतात माझ्याकडे. थांबून पाहा काही दिवस."

थांबले. कळ परत आली. मायक्रोस्कोपखाली एकाच्या जागी दोन दिसू लागले. मी पुन्हा गेले.

परतल्यावर आईला खुर्चीच्या मागे उभं केलं. "खांदे घट्ट धर. हलले की सांग."

मी मान वळवली. चौकट गेली. खोलीचा कोपरा गेला. कपाट गेलं. मग आईच्या साडीचा काठ दिसला, आणि त्याच्या वर तिचा चेहरा.

"हलले का?"

तिने माझ्या खांद्यांवरचे हात अलगद काढून घेतले.

"आई, खांदे हलले का?"

"नाही वं," ती म्हणाली. "तू पह्यले समोर पाह्य."

त्यानंतर ती माझ्या मागून कधी गेली नाही. जेवताना फक्त एकदा म्हणाली, "सोड ते सुयांचं."

"सोमवारी बाहेरून तपासणीला लोक येणार आहेत. तेवढं होऊ दे."

माझ्या कानामागे कळ चढू लागली होती.

शनिवारी दुपारी मी टेबलावर पालथी पडले. भोकातून फरशी दिसली, ठिपके दिसले. सुया लागल्या. कूलरचा आवाज ऐकत मी डोळे मिटले.

मान मी हलवली नाही. हे मी खात्रीने सांगू शकते.

जडपणा आला आणि गेला.

मी डोळे उघडले.

गंजाचा डाग गोल फिरत होता.

पोटाखाली रेक्झिन होतं. पायांची बोटं गादीत रुतलेली होती. भोकातून येणारी गार झुळूक माझ्या मागच्या केसांना लागत होती.

डॉक्टर भैरवी वाकल्या. आमची नजरानजर झाली.

"दुखते का आता?"

मी नीट लक्ष देऊन पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. "अजिबात नाही."