नावेसाठी मोटार

झुलाल धुळ्यात दिसेल असं शेवंताला वाटलंच नव्हतं. तापीच्या पाण्यावाचून तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो शिडाची नाव चालवायचा. ती काठावरच्या गावातली सरकारी सुईण. आज यंत्रांच्या दुकानात तो दोन मोटारींपुढे पाहुण्यासारखा अवघडून उभा होता.

"मोटार घेताय की सोयरीक बघताय?" ती दारातूनच म्हणाली. "इतका वेळ तर मुलगी बघायलाही लावत नाहीत!"

तो दचकला... मग हसला. "बाई, तुम्ही आठे? पोरगी बोलस तरी. हाई काय बोलस? नावना मांगे लावानी शे. एक लहान, एक मोठी — माले काही सुचत नई."

इंग्रजी अमलातल्या त्या दिवसांत असली मोटार खानदेशात कुणी फारशी पाहिली नव्हती. दुकानदाराने दोन्ही पाण्याच्या पिंपात चालवून दाखवल्या. लहान गुणगुणली. मोठी अशी गरजली की शेवंताच्या पदरावर पाणी उडालं.

"लहानच घ्या," ती पदर झटकत म्हणाली. "नावेत बोलता तरी येईल."

झुलालने मोठीवर हात ठेवला. दोघांनाही गेला भादवा आठवला. अडलेल्या भिकुबाईला पलीकडच्या दवाखान्यात नेताना मध्यावरच वारा पडला होता. शीड लोंबकळलं. वल्ही मारून त्याचे तळवे सोलले, पण पूर नावेला खाली ओढतच राहिला. भिकुबाई नावेतच गेली, शेवंताच्या मांडीवर.

"पुरामा लहानी टिकाव नई," तो हळू म्हणाला. "बोलनं ऱ्हाई गयं तरी चाली."

शेवंताने मान खाली घातली. "मी इथे बदली मागायला आलेय. ती नदी मला आता ओलांडवत नाही..."

त्याचा चेहरा उतरला. दुकानदार आपल्याच नादात होता. "मोठी जड आहे हं. रोज नावेवरून काढून घरी न्यावी लागेल. घाटाच्या चढावर एकट्याला झेपायची नाही. आहे का कुणी जोडीला?"

"शे," झुलाल म्हणाला. "पन ती बदली मागाले उनी शे."

शेवंताने वर पाहिलं. इतक्या फेऱ्यांमध्ये त्याने कधी डोळ्याला डोळा दिला नव्हता. आज त्याने नजर हलवली नाही.

"मना मनमा तुम्हीच शेत, बाई. तुम्ही नई म्हना — तरी मोटार मोठीच लिसू. भिकुबाईकरता."

शेवंताने मोठ्या मोटारीवरचं पाणी पदराने पुसलं.

"शेठ, मोठी द्या," शेवंता म्हणाली. "हमाल नको. आम्ही दोघं आहोत."

ती वाकली. एका बाजूने तिने धरलं, दुसऱ्या बाजूने त्याने. दाराच्या पायरीशी तो थबकला.

"जड वाटस का?"

"वाटतं," ती म्हणाली. "चला."