चौकटीवरचं प्लास्टिक

टप्प...

बादलीत थेंब पडला.

अश्विनीने मान वर केली. लाईट सकाळपासून नव्हती. एसी बंद. त्याच्याखालची बादली तिने स्वतः पुसून कोरडी ठेवलेली. दुपारचे अडीच वाजलेले, बाहेर ऊन मी म्हणत होतं. आणि तरी...

टप्प.

ही अश्विनी माझी मामेबहीण. शनिशिंगणापूरला दिलीय. कुणाला पटो न पटो, यंदाच्या एप्रिलमध्ये घडलेलं हे तिने जसं सांगितलं तसंच लिहितेय.

तिथल्या घरांना चौकट असते, दार नसतं. गेल्या मे महिन्यात त्यांनी पत्र्याच्या खोलीत एसी बसवला, पण गारवा टिकेना. दार लावायची तर सोयच नाही. मग नवऱ्याने चौकटीवर जाड प्लास्टिक ताणलं, कडेने टेप मारला. जाण्यायेण्यापुरती एक बाजू मोकळी.

"दार कुठंय? ह्यो तर पडदा हाय!" म्हणून हसला.

त्याच महिन्यात, त्याच खोलीत, अश्विनीच्या सासूबाई दम्याने गेल्या. बनुबाई.

तेव्हापासून एसीत बुरशी धरायला लागली. काळीकुट्ट. कुबट वास. आणि अश्विनीच्या पाच वर्षांच्या लेकीच्या, नंदूच्या छातीत घरघर सुरू झाली.

डॉक्टर म्हणाले, "आधी एसी साफ करा. पुन्हा असा अटॅक आला तर अवघड आहे."

मेकॅनिक बन्सीने तीनदा सगळं खोलून धुतलं. आठ दिवसांत परत काळं.

तिसऱ्यांदा त्याने जाळी नाकाला लावली.

"वहिनी, घरात मिसरी कोन लावतं वो?"

"कुणीच नाही."

लावायच्या त्या एकट्या बनुबाई...

त्या दुपारी थेंब थांबले. मग बंद एसीतून आवाज आला.

घर्र... घर्र...

कुणीतरी श्वास ओढत होतं.

आणि मांडीवरची नंदूही त्याच तालात ओढत होती. वर घर्र, खाली घर्र. तिचे ओठ निळे पडत चाललेले. पंप लावला, फरक नाही. नवरा टेम्पो घेऊन नगरला. फोन लागेना.

अश्विनी लेकराला उचलून पळाली.

प्लास्टिकची मोकळी बाजू... मोकळी नव्हती.

चौकटीला घट्ट चिकटलेली. काळ्या, ओल्या बुरशीने.

तिला तो दिवस आठवला. याच प्लास्टिककडे बोट दाखवून बनुबाई म्हणाल्या होत्या, "काढ गं ते, सूनबाई. जीव कोंडतुया."

"गारवा जाईल, आत्याबाई. दहा मिनिटं कळ काढा. आलेच." असं म्हणून ती प्रसादाच्या दुकानात गेली.

परतली तासाने.

घरात तेव्हा दोघीच होत्या. नवरा भाड्यावर, नंदू आजोळी पाथर्डीला. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आत्याबाई, चुकलं माझं! माझ्या लेकराला सोडा!"

एका हाताने नंदूला कवटाळून, दुसऱ्या हाताच्या नखांनी तिने ते प्लास्टिक ओरबाडलं. टेप सुटला. अख्खा पडदा खाली आला.

बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. तरी खाली पडलेलं प्लास्टिक अंगणाच्या दिशेने सरकलं... एकदाच.

मिसरीचा वास उंबऱ्यापर्यंत गेला आणि विरला.

एसी गप्प झाला.

नंदूने एक लांब श्वास घेतला. मग दुसरा. ओठांवर रंग परतला. अश्विनी उंबऱ्यातच बसली, तिला छातीशी धरून, हमसून हमसून रडत.

नंदूने चिमुकल्या हाताने तिचे डोळे पुसले.

"रडू नको ना मम्मी. आजी गेली."

मग अंगणाकडे बघत हळूच म्हणाली,

"पण ती 'काढ' म्हणत होती, तेव्हाच का नाही गं काढलंस ते?"