अंतराळातलं बोंडलं

आमच्या ‘ध्रुव’ स्थानकावर काहीही ओतता येत नाही. पाणी नाही, ताक नाही, आमटी तर नाहीच. घरी तांब्या वाकडा केला की पाणी गुमान खाली येतं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकात मात्र सगळंच तरंगतं. पाणी तांब्यातून निघालंच, तर त्याचा गोळा होतो आणि तो गोळा सरळ कुणाच्या तरी कानाकडे निघतो. म्हणून इथे पातळ पदार्थ पिशवीत भरलेले असतात आणि पिशवीला नळी असते. तोंडाने ओढलं तरच नळीतली झडप (एकाच बाजूला उघडणारं छोटं दार) उघडते. या नळीची मला इतकी सवय झाली होती की, सुट्टी संपवून सोलापूरला गेल्यावर मी वरणातही नळी शोधेन, असं मावशी म्हणायची.

आणि त्याच मावशीची नळी डॉक्टरांनी बंद केली. आता तुम्हीच सांगा, जिथे ओतता येत नाही आणि ओढायला बंदी आहे, तिथे माणसाने पाणी प्यायचं कसं?

नीट सांगते. माझी गिरिजामावशी, म्हणजे गिरिजा कलशेट्टी, ‘चांदणी’ यानाची वैमानिक आहे. चंद्रावरच्या वसाहतीत रोपं घेऊन जायची तिची पहिली खेप पंधरवड्यावर आली होती. मी चालायला लागले त्याच्याही आधीपासून ती या खेपेची वाट बघत होती. नेमकी तेव्हाच तिची अक्कलदाढ उठली. ही दाढ सगळ्यात मागची आणि सगळ्यात उशिरा येणारी. पृथ्वीवरच्या तपासणीत ती हिरडीखाली गपगार झोपलेली दिसली होती, म्हणून तिला कुणी हात लावला नव्हता. इथे आल्यावर ती जागी झाली आणि मावशीचा गाल टम्म फुगला. गिरिजाला अक्कल जरा उशिराच आली, असं आई फोनवर म्हणाली, आणि दाढ काढावी लागणार हे ऐकून लगेच रडायला लागली. आमच्या घरात चिडवणं आणि रडणं जोडीनेच येतं.

दाढ काढली तांबोळीआजोबांनी. यासीन तांबोळी हे स्थानकाचे डॉक्टर, मूळचे बार्शीचे, केस पांढरेशुभ्र. ते माझे सख्खे आजोबा नाहीत, पण मी विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी कधी ‘मोठी झालीस की कळेल’ असं उत्तर दिलेलं नाही, म्हणून मी त्यांना आजोबा केलं. त्यांनी काम इतकं हलक्या हाताने केलं की मावशीला काही कळलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने तिने खुणेने पाणी मागितलं. मी भिंतीला रेटा देऊन स्वयंपाकघरात पोचले आणि तिच्या आवडत्या ताकाची पिशवी घेऊन आले. मावशीने नळी ओठांत धरली मात्र, आजोबांनी ती तिच्या हातातून काढूनच घेतली.

मला राग आला. तहानलेल्या माणसाच्या तोंडातलं ताक कुणी काढून घेतं का? आजोबांना माझा राग दिसला. त्यांनी विचारलं, गुडघा फुटल्यावर काय होतं? मी म्हटलं, खपली धरते. ते म्हणाले की दाढेच्या जागी आता एक खोल खाच आहे आणि तिच्या तळाशी उघडं हाड आहे. त्या खाचेत रक्त साचलं की रक्तातल्या बिंबिका (रक्त थांबवणारे अगदी बारीक कण) एकमेकींना चिकटतात, त्यांच्याभोवती तंतूंचं जाळं विणलं जातं आणि मऊ गुठळी तयार होते. तीच तोंडातली खपली. ती हाडावर झाकण घालते आणि तिच्याच आधाराने खालून नवं मांस भरत येतं.

“मग नळीने काय होतं?” मी विचारलं.

 आजोबांनी एका झाकणाला भोक पाडलं, त्यावर जॅमचा ठिपका ठेवला आणि मागच्या बाजूने नळी लावून मला ओढायला सांगितलं. मी जरासं ओढलं. ठिपका सटकन नळीत शिरला आणि माझ्या जिभेवर आला.

मग त्यांनी समजावलं. आपण ओढतो तेव्हा तोंडातली जागा वाढते आणि आतला हवेचा दाब कमी होतो. बाहेरची हवा जास्त दाबाची, ती पिशवीतल्या ताकाला आत ढकलते. म्हणजे ताक आपण ओढत नाही, हवा ते ढकलते. पण तोंडात असा कमी दाब झाला की त्याला ताक कुठलं आणि गुठळी कुठली, हे कळत नाही. गुठळीही जागेवरून हलते, जॅमच्या ठिपक्यासारखी. गुठळी निघाली तर ‘कोरडी खाच’ होते (हाड उघडं पडून कानापर्यंत जाणारा ठणका). तसा ठणका लागलेला माणूस यान चालवू शकत नाही.

मावशीला बोलायला बंदी होती, पण तिचे डोळे विचारतच होते. आजोबांनी सांगून टाकलं, “तसं झालं तर चांदणी वेळेवर जाईल, गिरिजा. पण दुसरं कुणीतरी घेऊन जाईल.”

तेव्हापासून ती न दिसणारी गुठळी मला घरातल्या माणसासारखी वाटायला लागली. मी मनातल्या मनात तिला सांगायचे, बाई गं, धरून राहा.

जेवणाचं त्यामानाने सोपं निघालं. स्थानकावर पळी नावाचा स्वयंपाकी यंत्रमानव आहे. त्याला दोन लांब हात आहेत आणि नियम सगळे तोंडपाठ. आजोबांनी त्याला सांगितलं की पदार्थ मऊ हवा, चावायला न लागणारा हवा, आणि कोमट किंवा गार हवा. कढत खाल्लं की तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात, गुठळी सैल होते आणि पुन्हा रक्त येऊ शकतं. पळीने गुरगुट्या भात केला, त्यात तूप आणि मुगाचं घोटलेलं वरण. हे सगळं चमच्याला चिकटून बसतं, त्यामुळे चमचा सावकाश नेला तर उडत नाही. कुस्करलेलं केळं, घट्ट दही आणि मऊ शिरा यांनीही शिस्त पाळली. डाळीत आणि दह्यात प्रथिनं असतात (शरीर दुरुस्त करायच्या विटा), म्हणून रोज ती पोटात जायलाच हवीत, असं आजोबांचं म्हणणं.

मावशीचं लक्ष मात्र शेंगाचटणीच्या डबीकडे. आजोबांनी डबी कपाटात ठेवली. तिखट झोंबतं आणि शेंगदाण्याचा एवढासा कण खाचेत अडकला तरी जखम चिघळते, असं ते म्हणाले. शेजारी मावशीचं आणखी एक खोकं होतं, सोलापूरच्या कडक भाकरीचं. ते ती चंद्रावर नेणार होती. इथे कडक भाकरीला बंदीच आहे, कारण तुकडा मोडला की भुगा यंत्रांत आणि डोळ्यांत जातो. चंद्रावर भुगा खाली पडतो, सावकाश का होईना. मावशीने त्या खोक्याकडे असं पाहिलं की मला तिची दया आली.

खरी अडचण पाण्याची होती. पाणी काही भातासारखं गुणी नाही. पिशवी नुसती दाबून झडप उघडत नाही, म्हणून पळीने ती कापून चमच्यावर पाण्याचा गोळा घेतला, तो अर्ध्या वाटेवर सुटला आणि मावशीच्या नाकात गेला. तिला जोराची शिंक आली आणि ती गाल धरून कळवळली. त्यानंतर ती घाबरली. पाण्याचं नाव काढलं की मान फिरवायची. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ फुटले, डोकं दुखायला लागलं. आजोबांनी नाडी पाहिली आणि ते गंभीर झाले. सकाळपर्यंत पोटात पुरेसं पाणी गेलं नाही तर सलाईन लावावं लागेल, म्हणाले. आणि उड्डाणाच्या आधी सलाईन लागलेल्या वैमानिकाला यानात बसू देत नाहीत, हा नियम पळीने न विचारताच म्हणून दाखवला.

मी मावशीच्या ओठांना ओला कापूस लावत बसले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. कापूस लावता लावता मला आईने शंभरदा सांगितलेली गोष्ट आठवली. मी वेळेआधी जन्मले. आई दवाखान्यात आजारी, आणि माझ्या अंगात दूध चोखण्याएवढीही ताकद नव्हती. तेव्हा मावशी माझ्या काचेच्या उबदार पेटीशेजारी बसून मला बोंडल्याने (तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं) पाजायची. बोंडल्याला चोखावं लागत नाही. चोच ओठाला लावायची, दूध आपलं आपण येतं.

चोखता न येणाऱ्या माणसाला पाजायचं कसं, हे आमच्या घरात आधीच माहीत होतं की!

मी पळीला रिकाम्या पिशवीच्या जाड प्लास्टिकच्या कागदाचं बोंडलं करायला लावलं. गोल वाटी आणि पुढे चोच, अगदी घरच्यासारखं. त्यात पाणी भरलं, चोच माझ्याच ओठाला लावली आणि वाकडं केलं. पाणी वाटीत ढिम्म बसून राहिलं. आणखी वाकडं केलं, उलटं केलं, काही नाही. घरचं बोंडलं पाण्याच्या वजनावर चालतं, आणि इथे पाण्याला वजनच जाणवत नाही, हे मी विसरूनच गेले होते. मला रडू आलं.

रडतानाच मला कापलेल्या कागदाचा एक तुकडा हवेत फिरताना दिसला. त्याला मध्ये घडी पडली होती. घडीच्या एका टोकाला पाण्याचा थेंब लागला होता आणि तिथून पाण्याची बारीक रेघ घडीतून चालत दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती. कुणी ओतलं नाही, कुणी ओढलं नाही. मी तो तुकडा तसाच धरून आजोबांकडे गेले.

आजोबांनी चष्मा वर केला. “समईतलं तेल ज्योतीपर्यंत कसं चढतं?”

“वातीतून.”

“वातीला कोण चोखतं?”

कुणीच नाही. आजोबा म्हणाले, याला केशाकर्षण म्हणतात (केसासारख्या अरुंद फटीतून द्रव आपोआप पुढे सरकणं). पाण्याला भिंतीला चिकटायला आवडतं. फट अरुंद असली की दोन्ही भिंती जवळ असतात, दोन्हींना चिकटत पाणी पुढे पुढे जातं आणि मागच्या पाण्यालाही सोबत नेतं. पृथ्वीवर त्याचं वजन त्याला मागे खेचतं, म्हणून फार वर चढत नाही. इथे मागे खेचणारं कुणी नाही. पूर्वीच्या अंतराळवीरांनी या युक्तीचे पेलेसुद्धा केले होते, असंही ते म्हणाले. आमच्या स्थानकावर पिशव्या सोयीच्या पडल्या आणि पेल्यांचा विचार कुणी केलाच नाही.

मग आम्ही दुसरं बोंडलं केलं. या वेळी वाटीच्या तळापासून चोचीच्या टोकापर्यंत एक तीक्ष्ण घडी घातली आणि कडा पिशव्या बंद करायच्या यंत्रात चिकटवल्या. पाणी भरताच त्याची रेघ घडीतून चोचीपर्यंत गेली आणि तिथे शहाण्यासारखी थांबली. पळी मध्ये आला. उघड्या भांड्यात पातळ पदार्थ ठेवता येत नाही, असा नियम आहे म्हणे. मी बोंडलं त्याच्या हातात दिलं. त्याने ते हळूच डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, उलटं केलं. पाणी घडीला धरून राहिलं.

“उघडं आहे, पण पळत नाही,” पळी म्हणाला. “नियम लिहिणाऱ्याला हे माहीत नव्हतं.” आणि त्याने ते मला परत दिलं.

मावशीने आधी मान फिरवली. मी तिला म्हटलं, ओढायचं नाही, फक्त ओठ टेकव. तिने ओठ टेकवले. चोचीवरचं पाणी ओठाला लागलं आणि मागचं पाणी त्याच्या मागोमाग आलं. तिने गिळलं. पुन्हा आलं, पुन्हा गिळलं. तिचे डोळे मोठे झाले. बोंडलं रिकामं झाल्यावर तिने ते माझ्यापुढे धरलं, आणखी म्हणून. पाण्यानंतर ताक झालं, मग ज्वारीची गार पातळ आंबील झाली. मी भरत होते आणि तिच्या गळ्याकडे बघत होते, प्रत्येक घोट नीट उतरतोय ना म्हणून.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. इथे अश्रू गालावरून ओघळत नाहीत, डोळ्यालाच थेंब होऊन चिकटून बसतात. मी ते कापसाने टिपले. तेव्हा बोलायची बंदी मोडून ती हळूच म्हणाली, “अशीच बघत बसायचे गं मी तुझ्या गळ्याकडं. दूध उतरतंय का नाही, जीव नुसता टांगणीला लागायचा.”

 आईने शंभरदा सांगितलेली गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली. मी आज हात-पाय हलवते, भांडते, प्रश्न विचारते, ते कुणीतरी एकेक घोट मोजूनमापून, न कंटाळता माझ्या पोटात घातला म्हणून. मी मावशीच्या मानेला मिठी मारली, अर्थात दुखऱ्या गालाची बाजू सोडून.

सलाईन लागलं नाही. उड्डाणाच्या आधी आजोबांनी मावशीच्या तोंडात दिवा धरून बराच वेळ पाहिलं.  खाचेत गुलाबी मांस भरत आलं होतं. त्यांनी दिवा बंद केला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जा म्हणाले. त्या एवढ्याशा गुठळीचे मी मनापासून आभार मानले. जाताना मावशीने कडक भाकरीचं खोकं घेतलंच, आणि बोंडलंही मागून घेतलं. चंद्रावरून परतताना पुन्हा वजनाशिवाय राहायचं आहे, यानात कुणी आजारी पडलं तर उपयोगी येईल, म्हणाली. आजोबांनी आमच्या स्थानकासाठी तशीच आणखी करायला पळीला सांगितलं आहे. चंद्रावरच्या वसाहतीत उद्या बाळं जन्माला येतील. ती मोठी होऊन असल्याच यानांतून लांब लांब जातील, तेव्हा त्यांच्याही बाळांना बोंडलं लागेल, असं ते म्हणतात.

चांदणी उतरल्यावर काही दिवसांनी मावशीचा निरोप आला. मी, आजोबा आणि पळी, तिघेही यंत्राला कान लावून होतो. चंद्रावरून आवाज यायला सव्वा सेकंद लागतो, पण तो सव्वा सेकंद फार लांबतो. रोपं सुखरूप आहेत, तिने सांगितलं. मग म्हणाली, “डॉक्टरसाहेब, आता परवानगी आहे ना?”

आजोबा हसून हो म्हणाले. आम्ही थांबलो. त्यांचा ‘हो’ चंद्रापर्यंत जायचा होता आणि उत्तर परत यायचं होतं.

मग ‘कडाम’ असा मोठा आवाज आला. मावशीने कडक भाकरीचा तुकडा मोडला होता. त्याच्या मागोमाग बराच वेळ कुरूमकुरूम ऐकू येत राहिलं, आणि आम्ही तिघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.