हिवरापासून मेहकरपर्यंत

मेहकरची पहिली बस धुक्यात दिसेनाशी झाली आणि रुख्मिणीच्या पायाशी मेथीच्या, वांग्यांच्या टोपल्या तशाच राहिल्या. बस भरूनच आली होती. टपावरही माणसं बसलेली. टोपल्या ठेवायच्या कुठे?

पौषातलं लोणारचं धुकं गावात खालून येतं. रात्रभर सरोवराच्या खोल द्रोणात दबून बसतं, आणि उजाडता उजाडता काठ ओलांडून गल्ल्यांमध्ये शिरतं. त्याला खाऱ्या पाण्याचा उग्र वास असतो. रुख्मिणीनं पदर नाकाशी धरला. शेजारी तिची आत्या सोजराबाई मेथीवर फडकं झाकत होती. मेथी वेळेत बाजारातल्या लिलावाला, हर्रासाला, पोचली नाही, तर दुपारी तिला गुरंही तोंड लावत नाहीत.

तेवढ्यात धुक्यातून खोकल्यासारखा आवाज आला. मग एकच दिवा दिसला. एक तीनचाकी टेम्पो त्यांच्यापुढे येऊन थांबला आणि आतून एका तरुणानं डोकं बाहेर काढलं.

"मेहकरले जायचं का?"

"जायचं तर हाय," रुख्मिणी म्हणाली. "पन हे काय हाय — गाडी का रिक्षा?"

"गाडीच हाय. तीन चाकांची."

"चौथं कुठी पाडलं?"

तो हसला. दोन्ही गालांवर काजळीचे पट्टे होते, आणि त्यात हसणं जरा जास्तच पांढरं दिसलं. "गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगतो, चौथं लागतच नाई म्हनून. तुमाले खोटं नाई सांगत."

"काऊन? आमी गिऱ्हाईक नाई दिसत?"

"दिसता ना. म्हनूनच तर..." तो टोपल्या उचलायला लागला.

त्याचं नाव हिंमत. मेहकरला भगवंतरावांच्या गॅरेजात मेस्त्री होता. जुन्या गाड्या दुरुस्त करून भगवंतराव विकायचे, आणि गाडी दाखवायला हिंमतला गावोगाव धाडायचे. लोणारच्या गिऱ्हाइकाला टेम्पो पसंत पडला नव्हता. तो रिकामाच परत निघाला होता.

सोजराबाई मधे बसली, देवळातल्या खांबासारखी ताठ. तिच्या एका बाजूला हिंमत, दुसऱ्या बाजूला रुख्मिणी. दोघांची नजर समोरच्या काचेत तेवढी भेटायची, आणि भेटली की दोघंही रस्त्याकडे पाहायची.

सुलतानपूरच्या अलीकडे रस्ता एका नाल्यात उतरतो. तिथं उताराला एक जुना हिवर आहे. टेम्पो त्या झाडापाशी आला आणि बंद पडला. खोकला नाही, धक्का नाही... नुसता गप्प झाला.

हिंमतनं पेट्रोल पाहिलं. प्लग काढून पुसला, परत लावला. सगळं ठीक होतं. मग तो मागे गेला आणि तिथंच उभा राहिला.

"बाई," त्यानं हाक मारली, "टोपल्याखाली काही ठेवलं का तुमी? दगड, लोखंड?"

रुख्मिणी उतरून मागे गेली. टेम्पोचा मागचा भाग इतका खाली दबला होता, की टायर पत्र्याला घासत होते. आत फक्त भाजीच्या टोपल्या. हिंमतनं खांदा लावून गाडी ढकलली. ती तसूभरही हलली नाही. उतारावरची गाडी, आणि हलत नव्हती. आजूबाजूला एक पाखरू बोलत नव्हतं.

सोजराबाई खाली उतरली. हिवराकडे तोंड करून ती हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटली. रुख्मिणीला शब्द ऐकू आले नाहीत. पण पुढच्याच क्षणी टेम्पोचा मागचा भाग हळूच वर आला... एखादं माणूस अंगणातल्या बाजेवरून उठावं, तसा.

"चाला," सोजराबाई म्हणाली. "उशीर होऊन राह्यला."

मेहकर येईपर्यंत हिंमतनं दहादा मागे वळून पाहिलं.

"नाव हिंमत ना तुमचं?" उतरताना ती म्हणाली.

"नाव बापानं ठेवलं हाय," तो म्हणाला. "त्याले हा रस्ता माहीत नव्हता."

तिला हसू आलं. त्या सकाळी हसू येईल असं तिला वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर सोजराबाईनं भावापाशी हट्टच धरला. उकंडराव म्हणजे रुख्मिणीचे वडील. सरोवराच्या काठी पडणाऱ्या गोड्या पाण्याच्या धारेवर त्यांची भाजीची बाग होती. "आपल्याले गाडी पाह्यजे," सोजराबाई म्हणाली. "बसच्या भरवशावर किती दिस राहायचं?" उकंडराव कुरकुरले, आणि शेवटी मेहकरला गेले. भगवंतरावांकडे दोन गाड्या होत्या. एक तो तीनचाकी टेम्पो, आणि एक जीपच्या सांगाड्यावर बांधलेली चारचाकी, मागे माल भरायचा लाकडी हौद असलेली, मधल्या आकाराची. उकंडरावांनी सांगितलं, आठवडाभरानं ही मोठी घेऊन या. माल भरून पाहतो, मग ठरवतो.

हिंमत सांगितलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधीच आला.

"लवकर आले?" बागेच्या काटेरी कुपाटीशी उभं राहून रुख्मिणीनं विचारलं.

"ब्रेक पाहायचे होते."

"मेहकरात उतार नाई का?"

"हाय. पन तठी पाहायले कोनी नसते."

तिनं हातातली मेथीची जुडी उगाच झटकली. मातीचे चार कण त्याच्या पायावर पडले, आणि त्यानं पाय मागे घेतला नाही.

मग त्यानं तिला दोन्ही गाड्यांचं सगळं सांगितलं. लहान गाडी पेट्रोल चाटते, मोठी पिते. लहान अरुंद गल्लीत वळते, दोन माणसं उचलून बाजूला ठेवतील इतकी हलकी. पण चिखलात रुतते, चढाला दमते, आणि सारखं काहीतरी मागते. आज तार, उद्या क्लच. मोठी महाग, वळायला अख्खा चौक लागतो, पण दुप्पट माल ओढते. बोलताना त्याचा आवाज बदलायचा, जसा काही तो दोन बहिणींच्या स्वभावाबद्दल बोलतोय.

"आन् त्या हिवरापाशी?" रुख्मिणीनं विचारलं. "तठी कोनती चालंन?"

"ते मले नाई माहीत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी गाडी भरली. धुकं तसंच होतं, किंबहुना जास्तच दाट. उकंडराव बागेत पाणी धरायला थांबले आणि पुढे परत तिघं बसली. सोजराबाई आज मधे बसली नाही. "मले खिडकी पाह्यजे," ती म्हणाली, आणि रुख्मिणीला मधे सरकावं लागलं. गिअर बदलताना हिंमतचं मनगट तिच्या बांगड्यांना लागायचं. पहिल्यांदा लागलं तेव्हा तो म्हणाला, "चुकून लागलं." दुसऱ्यांदा काहीच म्हणाला नाही.

नाल्याचा उतार आला. हिवर धुक्यातून एकदम पुढे आला, जणू तोच चार पावलं चालून आला होता.

गाडी मागून दबली. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरले. इंजिनाचा आवाज जड झाला, पण गाडी थांबली नाही. नाला ओलांडून चढाला लागली, आणि मागच्या हौदात बांगड्या वाजल्या.

रुख्मिणीनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर स्थिर होते.

मग तिनं वळून पाहिलं. केबिनच्या मागच्या लहान काचेवर दव साचलं होतं. त्या दवात, बाहेरून, कुणीतरी तळव्यानं पुसल्यासारखी एक गोल जागा स्वच्छ होत होती. आत डोकावायला पुसावी, तशी. काचेपलीकडे फक्त पांढरं धुकं.

हिंमतनं गाडी चढावर थांबवली. दोघं मागे गेली. टोपल्या त्यांनी नीट मधोमध लावल्या होत्या. आता त्या दोन्ही कडांना सरकल्या होत्या. मधे बरोबर एवढी जागा — एक बाई पाय पोटाशी घेऊन कुशीवर निजेल एवढी. तिथल्या फळ्या ओल्या होत्या.

"मी गाडी फिरवतो," हिंमत म्हणाला. "घरी जाऊ. माल सडला तर सडू द्या."

"फिरवू नोका," रुख्मिणी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तवा बी गाडी फिरवली होती."

"कवा?"

आणि तिथंच, त्या ओल्या फळ्यांपाशी उभं राहून तिनं त्याला सांगितलं. तिची आई लहानपणीच गेली. तिला वाढवलं काकूनं, पुष्पाबाईनं. काकूच्या पहिल्या बाळंतपणाला मूल अडलं. बैलगाडीत घालून मेहकरच्या दवाखान्यात न्यायला निघाले. रुख्मिणी दहा वर्षांची होती; काकूचं डोकं तिच्या मांडीवर होतं. काकू सारखं विचारायची, "रुख्मे, मेहकर आलं का?" आणि ती सांगायची, आलंच, काकू. ह्या हिवरापाशी काकूनं विचारणं थांबवलं. मग बाबांनी बैल माघारी फिरवले.

"ती कोनाले भेवाडत नाई," रुख्मिणी म्हणाली. "तिले फकस्त पोचायचं हाय."

हिंमतनं ड्रायव्हरच्या सीटखालचं गोणपाट काढलं, झटकलं, आणि ओल्या फळ्यांवर नीट अंथरलं. उशाशी दुमडून उंचवटा केला.

रुख्मिणीला वाटलं, ह्या माणसाकडे आपण आयुष्यभर पाहू शकू.

उरलेल्या वाटेवर त्यानं एकही खड्डा गाडीला लागू दिला नाही. सोजराबाई डोळे मिटून बसली होती. अधूनमधून मागे बांगड्या वाजायच्या, आणि प्रत्येक वेळी रुख्मिणी मान वळवून म्हणायची, "आलंच, काकू." मेहकरात शिरल्यावर तो बाजाराकडे वळला नाही. गाडी सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर नेऊन उभी केली, आणि इंजिन बंद केलं.

"काकू, मेहकर आलं," रुख्मिणी म्हणाली.

फाटकातून एक नर्स सायकल हातात धरून आत गेली. मग पाटे करकरले, आणि गाडीचा मागचा भाग हलका होत वर आला. फाटकाच्या दिशेनं, धुक्यात, बांगड्यांचा आवाज लांब लांब गेला... आणि थांबला.

सोजराबाई पदरात तोंड घालून रडत होती. "टेम्पो अडला त्या दिशी म्याच तिले सांगतलं होतं," ती म्हणाली, "उतर पुष्पे, ही गाडी लहान हाय. तुह्यासाठी मोठी आनतो."

संध्याकाळी ओट्यावर उकंडरावांनी हिंमतला समोर बसवलं. सकाळचं त्यांना बहिणीनं सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून ते जेवले नव्हते. "पोरा," ते म्हणाले, "मालकाचं सोड. तुह्या मनानं सांग, कोनती घेऊ?"

हिंमतनं दाराआड उभ्या रुख्मिणीकडे पाहिलं, मग खाली. "मोठी घ्या," तो म्हणाला. "आज जड वाटंन, पन दगा देनार नाई."

तो निघाला तेव्हा ती कुपाटीशी होती.

"मोठी काऊन सांगतली?" तिनं विचारलं.

"खरं हाय म्हनून."

"मंग तोंड काऊन पडलं?"

त्यानं खिशातला पाना काढला, परत ठेवला. "लहान घेतली असती तर महिन्यातून दोनदा बिघडली असती. तुमच्या बाबांनी निरोप धाडला असता. मी आलो असतो..." तो थांबला. "मोठी दोन वर्षं मले बोलावनार नाई."

अंधार पडत होता. खाली सरोवराकडून धुक्याची पहिली पट्टी वर चढत होती.

"गाडी बिघडली, तरच येते का मानूस?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता घरात गेली.

पुढच्या आठवड्यात गाडी ठणठणीत चालत असताना हिंमत आला. सायकलवर, एकटा, भल्या सकाळी. केसांवर दव, कपडे धुतलेले, गालावर काजळी नाही.

उकंडराव गाडीत माल भरत होते. "काय रे, काही राह्यलं का गाडीचं?"

"गाडीचं नाई," हिंमत म्हणाला.

"त्या रस्त्यानं एकटाच आला?"

"हाव."

"भेव नाई वाटलं?"

"वाटलं. हिवरापाशी खाली उतरलो, अन् मोठ्यानं सांगून टाकलं, कोनासाठी चाललो ते. कोनी असन तर ऐकलं असन." त्यानं सायकल कुपाटीला टेकवली. "तठी सांगतलं, मंग आता तुमाले सांगाले काय... तुमची रुख्मिणी मले द्या."

उकंडरावांनी हातातली टोपली खाली ठेवली. मुलीकडे पाहिलं. ती बांधावर उभी होती, ओंजळीत वांगी, पाय मातीत.

"तिलेच विचार," ते म्हणाले. "या घरात आता बाया सांगतील तसंच होईन."

हिंमत वाफ्याच्या कडेकडेनं तिच्यापर्यंत गेला. काय विचारायचं ते सगळं सायकलवर पाठ केलं होतं; आता त्यातलं काहीच आठवेना.

"विचारा ना," रुख्मिणी हळूच म्हणाली. "मी 'हाव' म्हनून राह्यली."